नको म्हणालेली बाई

घाटकोपरच्या बाजारात सुलक्षणा सुरणाचा तुकडा हातात घेऊन भाव करत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी ‘रत्नप्रभाबाई’ अशी हाक मारली आणि ती वळली. वळल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपलं नाव नाही. समोर एक सावळा तरुण उभा होता. डोळ्यांवर चष्मा, हातात डॉक्टरांची असते तशी बॅग. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो तिच्याकडे असा बघत होता की तिनं नकळत पदर सारखा केला. “तुम्ही आहात?” तो म्हणाला. बऱ्या आहात का, कशा आहात, असं काही नाही. नुसतं आहात. आणि सुलक्षणा म्हणाली, “आहे.” भाजीवाला दोनदा काहीतरी बोलला, तिला ते ऐकू आलं नाही. या माणसाच्या हिशेबी आपण मेलेलो होतो, हे तिला त्या एका शब्दावरून कळलं होतं. दीड वर्षं आपण ऑफिसला जात होतो, दळण आणत होतो, दिवाळीत चकल्या केल्या, आणि त्या सगळ्या दिवसांत इथे कुठेतरी जवळच, एका माणसाच्या डोक्यात, आपण नव्हतो. तिच्या हातातला सुरण खाजायला लागला. तिनं तो खाली ठेवला.

त्याचं नाव अंबादास. डॉक्टर अंबादास खरात. नाव आठवायच्या आधी तिला त्याचं गप्प बसणं आठवलं. सुलक्षणा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती आणि ऑफिसच्या नाटकांतून वीस वर्षं कामं करत आली होती. अशाच एका स्पर्धेच्या प्रयोगानंतर डॉक्टर अनुपमा राजाध्यक्ष नावाच्या बाई रंगपटात आल्या आणि म्हणाल्या, मला एक आजारी बाई हवी आहे. त्या उपनगरातल्या एका पालिकेच्या हॉस्पिटलात शिकवायच्या. परदेशातून काही वर्षांनी परत आल्या होत्या आणि शिकाऊ डॉक्टरांसाठी शनिवारी दुपारी एक वर्ग घेत होत्या. पेशंटला हुकूम सोडायचा नाही. त्याच्यापुढे सगळं मांडायचं, त्याला काय हवंय ते विचारायचं आणि दोघांनी मिळून ठरवायचं, असं शिकवण्याचा तो वर्ग. पोरं त्याला गप्पांचा तास म्हणायची. खऱ्या पेशंटवर असे धडे गिरवायला लावणं बाईंना पटत नव्हतं, आणि समोरचा पेशंट खोटा आहे हे कळलं तर पोरं मन लावणार नाहीत, म्हणून टर्म संपेपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. सुलक्षणाला त्यांनी रत्नप्रभा दिली. चाळिशीची बाई. डाव्या स्तनात गाठ. तपासण्या झाल्यात, ऑपरेशन करायला हवंय, बाई घाबरलीय. डॉक्टर नीट बोलला तर हो म्हणायचं. नुसता उपदेश करत सुटला तर मान खाली घालून बसायचं.

तिनं मान पुष्कळदा खाली घातली. कुणी उभ्या उभ्याच बोललं, कुणी “काढून टाकू, काही नसतं त्यात” म्हणालं, एका मुलीनं तिला इतकं समजावलं की शेवटी सुलक्षणालाच तिची दया आली आणि ती हो म्हणाली. एका शनिवारी अंबादास सगळ्यात शेवटी आत आला. बसला. आजार काय आहे ते त्यानं सोप्या शब्दांत सांगितलं, ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, तेही सांगितलं, आणि मग विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारून बाकीचेही गप्प बसायचे, पण ते मार्कांसाठी. हा गप्प बसला तो उत्तर काय येणार हे खरोखरच माहीत नसलेल्या माणसासारखा. ती शांतता लांबत गेली. सुलक्षणाला त्या शांततेत स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, आणि छातीत डाव्या बाजूला, जिथे काही नव्हतं तिथे, काहीतरी टणक लागायला लागलं. “नको,” ती म्हणाली. हे ठरलेलं नव्हतं. म्हणाली आणि रडायला लागली. रंगमंचावर ती कधी अशी रडली नव्हती. नाकातून पाणी येत होतं. अंबादास म्हणाला, “बरं. मी जबरदस्ती करणार नाही. पण दर महिन्याला येऊन दाखवून जा. येणार ना?” ती येते म्हणाली. लाकडी पडद्यामागे बसलेल्या अनुपमाबाई नंतर म्हणाल्या, सगळ्यांत चांगला हाच. टर्म संपताना पोरांना खरं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली, सुलक्षणाबरोबर त्यांनी फोटो काढला. त्या आठवड्यात अंबादासचे वडील वारले होते. तो गावी होता, आणि परतल्यावर त्याला सांगायचं सगळ्यांकडून राहून गेलं. त्याच्यापुरती रत्नप्रभा येते म्हणून दाराबाहेर गेली होती आणि परत आली नव्हती.

“तुम्ही आलाच नाहीत,” आता बाजारात तो म्हणत होता. “मी ओपीडीत वाट बघायचो. मग तुमच्या पत्त्यावर गेलो, मुलुंडला. तिथं त्या नावाची चाळच नाही. मला वाटलं...” त्याचे डोळे भरले होते. भर बाजारात, टोपल्यांच्या गर्दीत, एक मोठा माणूस आपल्यासाठी रडतोय हे बघून सुलक्षणाच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. तिला बरं वाटलं होतं. मग त्यानं आवाज उतरवून विचारलं, “गाठ?” खरं सांगायला तेवढाच क्षण होता. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “आहे तशीच आहे.” तो हसला. इतका मोकळा हसला की तिला मागे सरावंसं वाटलं. आणि मग त्यानं सांगितलं की जोगेश्वरीला आपला दवाखाना आहे, तिथे एक पेशंट आहे, कमल नावाची, तीही ऑपरेशनला नको म्हणते. महिना झाला तो पेचात होता. आग्रह करावा तर रत्नप्रभाबाईंना दिलेला शब्द आठवतो, गप्प बसावं तर रत्नप्रभाबाई गेल्या हे आठवतं. “पण तुम्ही तर आहात,” तो म्हणाला. “एकदा येऊन तिला भेटाल का? तिला धीर येईल.” सुलक्षणानं गुरुवारी दुपारी येते म्हणून सांगितलं आणि सुरण न घेताच घरी आली.

आंघोळ करताना तिचा हात छातीवर गेला. वर्ग चालू होता तेव्हाही जायचा, रविवारपर्यंत जायचा, मग थांबायचा. आता थांबेना. आहे तशीच आहे, असं आपण म्हणालो. म्हणजे होती, आणि अजून आहे. बोटांना काही लागत नव्हतं, पण बोटांवर तिचा विश्वास राहिला नव्हता. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसली की कानात दोन्हीकडचे आवाज यायचे, नागपूर बोला, सोलापूर बोला, आणि मधेच तिला जोगेश्वरीच्या एका खोलीत बसलेली बाई दिसायची. चेहरा दिसायचा नाही, नुसते मांडीवर ठेवलेले हात दिसायचे. ती बाई आपल्यामुळे मरेल. आपण कधीच नव्हतो, आणि तरी आपल्यामुळे. अनुपमाबाई आता पुण्याला असत. तिनं बुधवारी पुण्याचा नंबर लावला. पलीकडून बाईंचं “हॅलो” आलं, स्वच्छ, भरदार, आणि सुलक्षणानं कॉर्ड ओढून काढली. बाई लगेच म्हणाल्या असत्या, तुम्ही काळजी करू नका, मी बोलते त्याच्याशी. आणि मग पुन्हा एकदा आपल्याविषयी दुसऱ्याच दोघांत काय ते ठरलं असतं.

पुन्हा एकदा, असं तिच्या मनात आलं आणि मग ते जाईना. पार्ल्याच्या एका नर्सिंग होममध्ये ती पडद्याआड पडली होती. दुसरं मूल पोटातच गेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. पडद्यापलीकडे डॉक्टर, सासूबाई आणि चंद्रप्रकाश, तिचा नवरा. आवाज विंगेतून येतात तसे येत होते, कुणाची तरी एंट्री व्हायची आहे असे. पिशवी काढावी लागेल, डॉक्टर म्हणाले. तिला कशाला विचारता, ती घाबरेल, सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळ काही नाही. मग चंद्रप्रकाशचा आवाज, “ठीक आहे.” ती एकतीस वर्षांची होती. ती जागी होती. पडद्याला निळी फुलं होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो आत यायचा, बाहेर जायचा. आपण बोललो तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ते तिघं होते.

चंद्रप्रकाश औषध कंपनीत होता. बुधवारी संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं त्याला बाजारातलं सगळं सांगितलं. तो चहात बिस्किट बुडवत ऐकत होता. “सोडून दे,” तो म्हणाला. “तो डॉक्टर आहे, त्याचं तो बघेल. तू कशाला जातेस त्यात?”

“ती बाई मरेल अशानं.”

“मग फोन करून सांग, मी नाटक केलं होतं म्हणून. जायचं कशाला तिथं?”

तिनं बिस्किटांचा डबा बंद केला. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, भाजी कुठली करू असं विचारावं तसं, “पार्ल्याला, तेव्हा, तुम्ही मला का नाही विचारलंत?”

त्यानं कप खाली ठेवला. कुठलं तेव्हा, असं त्यानं विचारलं नाही. “तू काय म्हणाली असतीस?”

“हो म्हणाले असते.”

“मग?” तो म्हणाला. “मग झालं ना तेच.”

त्याच्या बोलण्यात कुठे खोट नव्हती. तो वाईट माणूस नव्हता. त्या रात्रीनंतर महिनाभर तिला त्यानं पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. तेच झालं. जे व्हायचं तेच झालं, तिनंही तेच केलं असतं, आणि तरीही त्या ‘ठीक आहे’च्या आधी जो जरा वेळ गेला होता, तो तिचा होता. तो कुणीतरी वापरून टाकला होता. ती म्हणाली, “उद्या मी हाफ डे घेतलाय.” तो म्हणाला, “जा मग. जेवून जा.”

जोगेश्वरीला लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एक गल्ली आत वळत होती, तिथे अंबादासचा दवाखाना होता. एकच खोली, मधे कापडी पडदा, बाहेर बाकडं. वाटेत सुलक्षणानं ठरवलं होतं की आधी त्याला एकट्याला गाठायचं. पण ती पोचली तेव्हा कमल आत खुर्चीवर बसलेली होती. काटक, तिच्याच वयाची, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, अंधेरीला एमआयडीसीत बाटल्या भरायच्या लाइनवर कामाला. अंबादास उठून उभा राहिला. “ह्या रत्नप्रभाबाई,” तो म्हणाला. “मी सांगितलं होतं ना? यांनीसुद्धा नको म्हटलं होतं.” कमलनं आधी सुलक्षणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, छातीकडे बघितलं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघितलं. त्या नजरेखाली सुलक्षणाला आपण कुणाच्या तरी घरातून काहीतरी चोरून आणून अंगावर घातलंय असं वाटलं.

“माझं नाव सुलक्षणा,” ती म्हणाली. “मी नाटकात कामं करते. मला कधी गाठ नव्हती. अनुपमाबाईंनी वर्गासाठी मला बसवलं होतं. तुमच्या बरोबरच्यांना नंतर सांगितलं, तुम्ही त्या दिवशी नव्हता.”

अंबादास तसाच उभा होता. मग म्हणाला, “तुम्ही रडला होतात.”

“हो.”

“परवा बाजारात तुम्ही म्हणालात आहे तशीच आहे.”

“खोटं बोलले.”

तो खाली बसला. टेबलावरचा स्टेथोस्कोप त्यानं गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. त्या खोलीतून एक बाई उठून जात होती आणि ते त्या दोघांनाच दिसत होतं. कमल एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला हसू आलं असावं, कारण तिनं तोंडावर हात धरला. “म्हणजे गाठच नव्हती,” ती म्हणाली.

“नव्हती.”

“मग नको कशाला म्हणालात बाई? नाटकच होतं तर हो म्हणायचं. फुकटचं ऑपरेशन.”

सुलक्षणाचं वाटेत ठरवलेलं सगळं बोलून संपलं होतं. “मला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “विचारल्यावर पहिल्यांदा तेच आलं तोंडात. ते या आजाराबद्दल नव्हतं. तुम्ही त्याच्यावर जाऊ नका.”

कमल खुर्चीत जरा मागे सरकून बसली. बाहेर गल्लीत कुणीतरी गादी पिंजत होतं, त्या तारेचा आवाज येत होता. “एकदा हो म्हणून दाखवा,” ती म्हणाली. “कसं वाटतं बघू दे. माझ्या तोंडून तर निघत नाही.”

अंबादास म्हणाला, “कमलबाई, हे काय—” पण तिनं त्याला हातानं थांबवलं. “तुम्ही विचारा ना डॉक्टर. त्यांना विचारलं होतं तसं.” तो सुलक्षणाकडे बघायला तयार नव्हता. टेबलाकडे बघत त्यानं सुरुवात केली. आवाज आधी कोरडा होता, मग हळूहळू त्याला ओल आली. गाठ कसली आहे, ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय. शेवटी त्यानं मान वर केली. “तुम्हाला काय वाटतं?” आणि तो गप्प बसला, त्या दिवशी बसला होता तसाच. सुलक्षणाला वाटलं होतं की हो म्हणणं सोपं जाईल, ते तर लिहूनच दिलेलं होतं. पण तिची नजर मधल्या पडद्यावर गेली. पडद्याला निळी फुलं नव्हती, हिरव्या रेघा होत्या, आणि तो आत येत होता, बाहेर जात होता. “हो,” ती म्हणाली. “करा.” आणि तिला त्यात कुठेही समाधान सापडलं नाही, फक्त एक वजन हातातून कुणाच्या तरी हातात गेलं आणि हात हलके होऊन लोंबकळायला लागले.

“हात,” कमल म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

“उजव्या हाताचं नाही बोललात डॉक्टर. मला पण नाही बोललात. माझ्या जावेचं झालंय हे ऑपरेशन. तिचा हात असा सुजलाय.” तिनं दंडाभोवती दुसरा पंजा गोल धरून दाखवला. “भाकरी थापता येत नाही तिला. माझी गाठ उजवीकडे आहे. मी दिवसभर क्रेट उचलते. नवऱ्याची, कुंडलिकची, गिरणी बंद पडली तेव्हापासून घर माझ्या हातावर आहे, तो नुसता इकडं तिकडं करतो. हात गेला तर माझी वाट लागली. मग जगून करू काय?”

“तुम्ही हे कधी बोलला नाहीत,” अंबादास म्हणाला.

“तुम्ही विचारलंत ऑपरेशन करणार का. मी म्हटलं नको. तुम्ही म्हणालात बरं.” ती चिडून बोलत नव्हती. “मला वाटलं डॉक्टरला तेवढंच पाहिजे.”

अंबादासचा चेहरा सुलक्षणानं तेव्हा पाहिला आणि दुसरीकडे बघितलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली. हात सुजू शकतो, तो म्हणाला. सगळ्यांचा सुजतो असं नाही, पण तुमचा सुजणार नाही असं मी सांगू शकत नाही. क्रेट उचलणं पुन्हा जमेल की नाही ते मला माहीत नाही. व्यायाम असतात, ते पहिल्या आठवड्यापासून करायचे. लाइनवरचं हलकं काम मिळेल का ते मी चिठ्ठी देऊन विचारू शकतो, मिळेल असं नाही. कमलनं किती आठवडे, कुठला व्यायाम, जावेला तो कुणी सांगितला का नाही, असं एकेक विचारलं. ऑपरेशन नाही केलं तर हात किती दिवस चालेल तेही विचारलं. त्याचं उत्तर त्यानं खाली न बघता दिलं. सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती आणि आता तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बराच वेळ गेला. शेवटी कमल उठली, साडी झटकली आणि म्हणाली, “दिवाळीचा बोनस होऊन जाऊ दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी करू.” अंबादास म्हणाला, “दिवाळी लांब आहे. इतकं थांबू नये असं मला वाटतं.” कमल म्हणाली, “मग गणपती.” तो म्हणाला, “गणपती चालेल.”

ती गेल्यावर अंबादास सुलक्षणाबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तो रागावला असेल, ओरडेल, असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. “वडील गेले त्याच महिन्यात तुम्हीही आला नाहीत,” तो म्हणाला. “मला दोघांचं एकत्रच सुतक लागलं होतं. मी आता त्या बाईचं काय करू?” तिनं मान हलवली. “मलाही माहीत नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडूनही जात नाही ती.” बाकड्यावर पेशंट येऊन बसले होते म्हणून तो परत गेला.

कमलचं ऑपरेशन गणपती झाल्यावर पालिकेच्या हॉस्पिटलात झालं. सुलक्षणा त्यानंतर काही दिवसांनी, भेटीच्या वेळी, मोसंबी घेऊन गेली. कुंडलिक वॉर्डाबाहेर भेटला, उंच, ओशाळलेला माणूस, शहाळं आणायला निघाला होता. जखम चांगली भरतेय म्हणाला, डॉक्टर खूश आहेत म्हणाला. आत कमल उशीला टेकून बसली होती. उजवा हात उशीवर वेगळा ठेवला होता आणि तो सुजला होता, बांगडी कापून काढलेली दिसत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पायाशी त्या बाईची नणंद कांदेपोहे खात बसली होती. कमल सुलक्षणाकडे बघून हसली नाही.

“दुखतं का?”

“दुखतं.” मग ती म्हणाली, “माझ्या जावेचा हात सुजला ना, तेव्हा ती डॉक्टरला शिव्या घालायची. नवऱ्याला घालायची. सासूला. मला विचारलं नाहीत, माझा हात घालवलात. वर्षभर घातल्या. घातल्या की तिला झोप लागायची.” तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली. “मी कुणाला घालू? डॉक्टरनं सगळं सांगितलं. सुजेल म्हणून सांगितलं. मीच गणपती म्हटलं. कुंडलिक तर बिचारा रडतोच. मला झोप नाही लागत बाई.”

सुलक्षणा खाटेच्या कडेवर बसली. इथे काय म्हणायचं असतं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्ही बरोबर केलंत, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं, आणि कमलच्या काही कामाचं नव्हतं.

“तुम्हाला घालू?” कमलनं विचारलं.

“घाला,” सुलक्षणा म्हणाली.

कमलनं एकदा आजूबाजूला बघितलं. सुरुवातीला तिला जमेना, आवाज लहान येत होता, मधेच ती थांबून शेजारच्या खाटेकडे बघायची. तू कोण गं मोठी, ती म्हणाली. स्वतःच्या अंगाला टाचणी लागलेली नाही आणि आली मला शिकवायला. मग ते वाढत गेलं. हाताबद्दल झालं, क्रेटबद्दल झालं, लाइनच्या सुपरवायझरबद्दल, गाठीबद्दल, देवाबद्दल झालं, स्वतःच्या आईबद्दलही काहीतरी झालं जे सुलक्षणाला नीट कळलं नाही. पोहे खाणारी नणंद खायची थांबली. नर्स दारातून बघून गेली. सुलक्षणानं मान खाली घातली नाही. ती समोर बघत बसून राहिली आणि एकेक शब्द तिच्यावर येत होता, आणि तिच्यात शिरून कुठेतरी खोल, जिथे इतके दिवस नुसती एक टणक जागा होती, तिथे जाऊन बसत होता. वेळ संपल्याची घंटा झाली. कमल धापा टाकत थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. तिनं डाव्या हातानं तो पुसला आणि डोळे मिटले, आणि सुलक्षणा उठायला लागली तेव्हा डोळे न उघडता म्हणाली,

“उद्या या. अजून संपलेलं नाही.”